दोन चटयांची खोली आणि तिची बाग

वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांस पहिल्या-दुसऱ्या वर्षीं जे पाठ देण्यांत येतात, त्यांत एक पाठ बहुधा सर्वत्र आढळतो. एका माणसाला बसावयास, लिहावयास आणि निजावयास पुरेल एवढी एक खोली रचावयाची आणि तिला लागून एक लहानशी बाग आखावयाची, एवढीच त्यांतली मागणी असते. जिना नाहीं, मजले नाहींत, नगरपालिकेचे क्लिष्ट नियम नाहींत. म्हणून हा पाठ सोपा समजून नवशिक्यांच्या हातीं देतात. आमच्या मतें तो अत्यंत कठीण आहे. मोठ्या इमारतींत एखादें दालन चुकलें तर दुसरें तें झांकून नेतें. एकाच खोलींत चुकलेली खिडकी जन्मभर समोर उभी असते. आम्ही वाङ्मयाचे अध्यापक. गुण्या आणि ओळंबा आमच्या हातीं कधीं आला नाहीं. परंतु अशा पाठांचे नकाशे गेल्या कांहीं वर्षांत आमच्या पाहण्यांत पुष्कळ आले, त्यांवरचे परीक्षकांचे अभिप्रायही ऐकले, आणि निबंधाच्या वह्या तपासतांना जें असमाधान वाटतें तेंच येथेंही वाटलें. त्याचीं कारणें शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिलें कारण उघड आहे. विद्यार्थी खोली आधीं रचतो, आणि कागदावर जी जागा उरते तिला बाग म्हणतो. तीवर हिरवा रंग फिरवितो, चार वर्तुळें काढतो, त्यांस वृक्ष म्हणतो. हीं वर्तुळें कोणत्या झाडांचीं असें विचारलें कीं उत्तर मिळत नाहीं. पांच फूट व्यासाचें वर्तुळ काढून त्याखालीं ‘आंबा’ असें लिहिलेलेंही आम्हीं पाहिलें आहे. तो आंबा वीस-पंचवीस वर्षांनीं त्या खोलीच्या छपरावर येऊन बसेल, हें त्या मुलाच्या गांवींही नव्हतें. झाड वाढतें, पानें गाळतें, मुळांनीं जोतें उचलतें, आषाढांत भर दुपारीं खोलींत अंधार करतें. नकाशा मात्र एकाच क्षणाचा असतो, आणि तोही आकाशांतून पाहिलेला. घारीला जशी दिसेल तशी खोली आणि बाग कागदावर उतरते. पण राहणारा मनुष्य घार नव्हे. तो दारांतून आंत येतो, भिंतीला पाठ लावून बसतो, आणि तेथून त्याच्या डोळ्यांना बागेचा एक तुकडाच दिसतो. तो तुकडा कोणता असावा हें ठरविणें म्हणजेच बाग रचणें.

दुसरें कारण पुस्तकी आहे. उत्तरेची खिडकी शीतळ व स्थिर प्रकाश देते हें वाक्य युरोपांतील ग्रंथांतून आमच्या विद्यार्थ्यांनीं इतकें पाठ केलें आहे, कीं पुणें-मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस झुकलेला असतो याची त्यांस आठवण राहत नाहीं. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, याचीही नाहीं. असो.

या पाठाचा आदर्श म्हणून बहुतेक अध्यापक ज्या खोलीकडे बोट दाखवितात ती जपानांत, क्योतोजवळ यामाझाकी येथील म्योकीआन या मंदिरांत आहे. तिचें नांव ताइआन. चहाविधीचा सर्वश्रेष्ठ आचार्य सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यानें ती १५८२ च्या सुमारास रचली असें परंपरा मानते. त्याच्या हातची समजली जाणारी एवढी एकच खोली आज उभी आहे, आणि १९५१ सालीं जपान सरकारनें तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. तिचा विस्तार किती, तर दोन चटया. जपानी चटई सुमारें सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. म्हणजे कोनाडा सोडला तर सारी जागा चाळीस चौरस फुटांच्या आंतबाहेर. शेजारीं एक लहानशी पूरक खोली आहे. परंतु यजमान आणि पाहुणे बसतात ते या दोन चटयांवरच.

एवढ्या जागेंत माणसाचा जीव कां घुसमटत नाहीं, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर रिक्यूनें भिंतीच्या मातींत लिहून ठेवलें आहे. पाहुण्यानें जेथून आंत यावयाचें तें दार सुमारें अडीच फूट उंचीचें आहे. सरदार असो कीं सावकार, तलवार बाहेर ठेवून त्यानें गुडघ्यांवर रांगतच आंत यावें लागतें. या दाराचें वर्णन करतांना सर्व लेखक नम्रतेचा धडा सांगतात. तो खरा असेलही. परंतु आम्हांस त्यांतली दुसरी युक्ति अधिक महत्त्वाची वाटते. जो मनुष्य रांगत आंत आला त्यानें मान वर केली कीं त्याला ठेंगणें छप्परही उंच भासतें. दार लहान केल्यानें खोली मोठी झाली! पुढें, समोरच्या मानाच्या कोनाड्याचे आंतले कोपरे मातीनें लिंपून गोल केलेले आहेत. जेथें कोपऱ्याची रेषा दिसत नाहीं तेथें डोळा खोली मोजूं शकत नाहीं, आणि अंधार किती खोल गेला आहे याचा अंदाज लागत नाहीं. छत सरळ एका पातळींत नाहीं. कोनाड्यापुढें एक तऱ्हा, यजमानाच्या बाजूस दुसरी, आणि दारावर तिसरी उतरती तऱ्हा, असे त्याचे तीन भाग आहेत, त्यामुळें दोन चटयांवर बसलेले दोघे जण दोन निराळ्या जागीं बसले आहेत असें वाटतें. शेगडी कोपऱ्यांत आहे. खिडक्या तर आमच्या कोंकणांतल्या माणसानें लगेच ओळखाव्या अशा आहेत: कुडाच्या भिंतीचा एक चौकोन न लिंपतां तसाच सोडला, कीं आंतल्या कामट्यांची जाळी हीच खिडकी. मागें कागदाची सरकती झडप. उजेड येतो, पण तो गाळून येतो. बाग दिसत नाहीं.

होय, बाग दिसत नाहीं. आणि येथेंच आमचे विद्यार्थी व त्यांचे कांहीं अध्यापकही चुकतात. ज्या खोलीचा आदर्श घेऊन ते भिंतभर कांच लावतात, त्या खोलींतून बाग पाहण्याची सोयच रिक्यूनें ठेवलेली नाहीं. चहाच्या खोलीच्या बागेला ‘रोजी’ म्हणतात (आमच्या रोजीरोटीशीं या शब्दाचा संबंध नाहीं). ती पाहण्याची बाग नसून चालण्याची आहे. अंतराअंतरावर बसविलेल्या दगडांवरून पाहुणा येतो. दगड ओबडधोबड असतात. पाय कोठें पडतो हें पाहूनच चालावें लागतें, आणि त्यामुळें मनांतली बाजारपेठ हळूहळू मागें राहते. वाटेंत बसण्याची एक आडोशाची जागा, मग एक साधें फाटक, मग हात-तोंड धुण्यासाठीं जमिनीलगत ठेवलेलें दगडी पात्र. या पात्राचें नांवच उकिडवें बसणें या अर्थाच्या क्रियापदापासून आलें आहे. दारांत रांगण्यापूर्वीं शरीर अशा रीतीनें एकदां वांकलेलें असतें. म्हणजे खोलीचा आरंभ दाराशीं होत नाहीं, फाटकाशीं होतो. आणि बागेचा शेवट दाराशीं होत नाहीं, कारण कोनाड्यांतल्या फुलदाणींत तिचें एखादें फूल आंत आलेलें असतें.

रिक्यूविषयीं एक कथा सांगतात. त्याची सकाई येथील बाग समुद्राकाठीं होती. पाहुणे मोठ्या अपेक्षेनें गेले, तों समोर दाट कुंपण, समुद्र दिसेना. हिरमुसले होऊन ते पाण्याच्या पात्राशीं वांकले. पाणी ओंजळींत घेतलें आणि डोळे वर गेले, त्या क्षणीं पानांच्या एका फटींतून दूरचें पाणी चमकलें. कथा खरी असो वा नसो, ज्यानें ती रचली त्याला बाग कळली होती. आमच्या पाहण्यांतल्या शंभर नकाशांपैकीं नव्वदांत हा समुद्र फाटकांतून आंत येतांच उघडा पडला असता, आणि दहा दिवसांनीं घरमालकानें त्याच्याकडे पाहणेंही सोडलें असतें.

या विद्येची ओळख इंग्रजी वाचणाऱ्यांस ओकाकुरा काकुझो यांच्या १९०६ सालच्या चहावरील छोट्या पुस्तकानें झाली. ओकाकुरा त्यापूर्वीं १९०१-०२ सालीं कलकत्त्यास येऊन राहिले होते व ठाकूर कुटुंबाशीं त्यांचा स्नेह जडला होता, हें पुष्कळांस ठाऊक असेल. पुस्तक सुरेख आहे; पण त्याच्या सुरेखपणानें एक घात केला. चहाची खोली ही एक भावना आहे असा समज त्यानें पसरविला, आणि ती बांधकामही आहे हें मागें पडलें. आज आमचा विद्यार्थी भावना घेतो आणि दगड घेतो. पुण्याच्या बंगल्यामागें पांढरे गोटे पसरतो, त्यांत पावलापावलांवर शिळा मांडतो. श्रावणांत त्या शिळांवर शेवाळ धरतें, आणि घरांतलें म्हातारें माणूस पहिल्याच आठवड्यांत पाय घसरून पडतें. क्योतोच्या शेवाळाचें कौतुक करणाऱ्यानें आमच्या चार महिन्यांच्या धारेखालचें शेवाळ एकदां अनवाणी तुडवून पाहावें.

रिक्यूच्या पूर्वीं सुमारें पावणेचारशें वर्षें याच प्रदेशांत एका मनुष्यानें अशीच एक खोली बांधली आणि तिच्यावर पुस्तक लिहिलें. कामो नो चोमेइचें ‘होजोकी’ हें पुस्तक १२१२ सालचें. वास्तुविद्येच्या वर्गांत तें फारसें वाचीत नाहींत, हें आम्हांस मोठें नवल वाटतें. पुस्तकाचा पूर्वार्ध आपत्तींचा आहे: ११७७ ची राजधानीला लागलेली आग, ११८० चें वादळ व राजधानीचें स्थलांतर, पुढील दोन वर्षांचा दुष्काळ, ११८५ चा भूकंप. घरें बांधणें किती व्यर्थ, हें अशा रीतीनें मनावर ठसविल्यावर साठीला आलेला हा लेखक डोंगरांत जातो आणि सुमारें दहा फूट लांबरुंद, सात फुटांहून कमी उंचीची झोंपडी उभारतो. तिचे सांधे कड्यांनीं जोडलेले. जागा आवडेनाशी झाली तर सारें घर दोन गाड्यांत घालून न्यावें.

परंतु ज्यानें घरें व्यर्थ ठरविलीं, तोच लेखक आपल्या झोंपडीचें वर्णन करूं लागला कीं त्याची लेखणी आवरत नाहीं. पूर्वेस तीन फूट छप्पर पुढें काढून सरपण जाळण्याची जागा, दक्षिणेस बांबूच्या पट्ट्यांची पडवी, उत्तरेस पडद्याआड अमिताभाचें चित्र, बाजूला निजण्यासाठीं नेच्याच्या पानांचें अंथरूण, नैर्ऋत्येस बांबूच्या फळीवर कवितांच्या व गीतांच्या पेट्या, जवळ दोन तंतुवाद्यें. बाहेर बांबूच्या नळीनें आणलेलें पाणी दगडांत सांठविलेलें. काटक्यांचें कुंपण घालून औषधी वनस्पतींचा वाफा. मग कोणत्या ऋतूंत कोणत्या बाजूला काय दिसतें व काय ऐकूं येतें याची नोंद. या वर्णनावरून कोणत्याही विद्यार्थ्यानें नकाशा काढावा. तो चुकणार नाहीं. आणि नकाशांत जें मावत नाहीं तें, म्हणजे वर्षाचे बारा महिने, तें या गद्यांत मावलें आहे. शेवटीं चोमेइ स्वतःलाच विचारतो, कीं या झोंपडीवरचें माझें प्रेम हाही मोहच नव्हे काय? उत्तर तो देत नाहीं. नात्सुमे सोसेकी यानें विद्यार्थिदशेंत असतांना १८९१ सालीं या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर केलें होतें. पुढें तो जपानचा थोर कादंबरीकार झाला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास सूचना द्यावयाची तर आम्ही हीच देऊं: रेघ काढण्यापूर्वीं आपल्या खोलीचें वर्णन दोन पानें गद्यांत लिहावें. ज्याला तें लिहितां येत नाहीं त्याला ती खोली दिसलेलीच नाहीं.

पाश्चात्यांपैकीं ल कॉर्बुझिए याच्या खोपटाचें नांव या प्रसंगीं नेहमीं निघतें. चंडीगडचें काम हातीं घेतलें त्याच वर्षाच्या शेवटीं, ३० डिसेंबर १९५१ रोजीं, भूमध्य समुद्राकाठच्या रोकब्रून-काप-मार्तें येथील एका खानावळीच्या टेबलावर त्यानें पत्नीच्या वाढदिवसाची भेट म्हणून हा नकाशा पाऊण तासांत काढला, असें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. १९५२ सालीं खोपट उभें राहिलें: ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट, लांब आणि तितकेंच रुंद, उंची २.२६ मीटर. आंतली रचना अत्यंत हुशारीची आहे, आणि खिडक्यांच्या झडपांना आंतून आरसे लावून समुद्र व झाडें खोलींत आणण्याची कल्पना रिक्यूलाही आवडली असती. परंतु विद्यार्थी यांतून उचलतात तो पाऊण तास. त्यामागें मानवी शरीराच्या मापांवर घालविलेलीं वर्षें होतीं, हें ते विसरतात. आणखी एक गोष्ट विसरतात: या खोपटांत स्वयंपाकघर नाहीं. भिंतींतला एक दरवाजा शेजारच्या खानावळींत उघडतो. अर्थात् खोली लहान होऊं शकली ती चूल दुसऱ्याच्या घरांत पेटत होती म्हणून.

यावरून आम्ही मुख्य आक्षेपाकडे येतों. रिक्यूची खोली, चोमेइची झोंपडी, कॉर्बुझिएचें खोपट, आणि आमच्याकडील सेवाग्रामची बापूकुटीही, जिच्यावर १९७८ सालीं इव्हान इलिच यांनीं गौरवपर भाषण केलें, हीं सर्व स्वेच्छेनें लहान झालेलीं घरें आहेत. मोठें घर ज्याला सहज मिळालें असतें, त्यानें तें नाकारलें. ज्या तोयोतोमी हिदेयोशीचा रिक्यू चहाचार्य होता, त्यानें १५८६ सालीं सोन्यानें मढविलेली चहाची खोली राजवाड्यांत नेऊन मिरविली, आणि १५९१ सालीं त्याच्याच आज्ञेनें रिक्यूला आपलें पोट चिरून मरावें लागलें. दोन चटयांच्या साधेपणाला असें सोन्याचें शेजार होतें. मुंबईच्या विकास खात्यानें १९२० च्या दशकांत बांधलेल्या चाळींतली १६० चौरस फुटांची खोली यांतल्या पहिल्या तिघांपैकीं कोणाहीपेक्षां लहान नव्हती. रिक्यूच्या खोलीच्या तर ती चौपट होती. पण तींत आठ-दहा माणसें निजत, आणि त्यांस कोणीं विचारलें नव्हतें. लहान खोलीचें सौंदर्य शिकवितांना हा फरक जर वर्गांत उच्चारला गेला नाहीं, तर उद्यांचा वास्तुविशारद बिल्डराच्या कचेरींत बसून अडीचशें चौरस फुटांच्या कोंडवाड्याला ‘जपानी साधेपणा’ असें नांव देईल. कांहीं ठिकाणीं जाहिरातींत तें दिलेलेंही आम्हीं वाचलें आहे. चाळींतल्या लोकांनीं सामाईक सज्जाच्या कठड्यावर रॉकेलच्या डब्यांत तुळस आणि गवती चहा लावला. त्या डब्यांचा अभ्यास कोणी विद्यार्थ्यांस करावयास लावीत नाहीं, हें आश्चर्य आहे. एका फुटाच्या बागेंत ऊन, पाणी आणि शेजाऱ्याचें धुणें या तिन्हींचा विचार तेथें झालेला असे.

पाठाचा दुसरा एक दोष त्याच्या शब्दांतच आहे. ‘एका व्यक्तीसाठीं’ असें म्हटलें कीं विद्यार्थी ती व्यक्ति कवि करतो, किंवा चित्रकार, क्वचित् संगीतकार. आम्हीं पाहिलेल्या नकाशांतून इतके कवि राहत होते कीं मराठींत तितके वाचक नसतील! कवीला चूल लागत नाहीं, त्याचे कपडे कोणी धूत नाहीं, त्याला दमा नसतो. मग खोली कशी होणार तशीच होते: पांढऱ्या भिंती, एक मेज, आणि कांचेबाहेर हिरवा रंग.

या गर्दींत एका मुलीचा नकाशा मात्र आमच्या लक्षांत राहिला आहे. तिनें आपल्या खोलींत कवि न ठेवतां आजी ठेवली होती. खोली दहा फूट बाय बारा. नैर्ऋत्येची भिंत बिनखिडकीची, कारण पाऊस. पागोळ्या पडतात त्या रेषेंत गोट्यांचा एक हात रुंद पट्टा, म्हणजे माती उडून भिंत खराब होऊं नये. मोरी बाहेरच्या अंगाला काढून तिचें पाणी उघड्या पन्हळीनें आधीं केळींना, तेथून उरेल तें अळूला, आणि पन्हळीच्या शेवटीं, जेथें पाणी क्वचितच पोंचेल तेथें, कोरफड. पूर्वेस पारिजातक, अशा बेतानें कीं पहाटेचा सडा नेमका धुण्याच्या दगडाशेजारच्या फरशीवर पडावा आणि फुलें वेंचतांना फार वांकावें लागूं नये. प्रत्येक झाडाशीं दोन वर्तुळें होतीं: लहान आजचें, मोठें दहा वर्षांनंतरचें. परीक्षकांपैकीं एकानें शेरा मारला कीं हें परसदार आहे, बाग नव्हे; आणि गुण बेताचेच मिळाले.

आम्हांस तो शेरा मान्य नाहीं. चोमेइच्या बांबूच्या नळीचें पाणी आणि रिक्यूच्या दगडी पात्राचें पाणी ज्या कामीं आलें, त्याच कामीं या मुलीनें मोरीचें पाणी लावलें होतें: खोलींतला नित्याचा व्यवहार आणि बाहेरची झाडें यांना तिनें एका धाग्यांत ओंवलें. सारा नकाशा आमच्या पाहण्यांत आला त्यांत हें एकच चित्र असें होतें, कीं ज्यांतली बाग पुसून टाकली असती तर खोलीही चुकीची ठरली असती. जपानचें नांवही तिच्या टिपणींत नव्हतें, आणि तरी जपानची शिकवण तिलाच अधिक साधली होती.

दोष तिच्याही नकाशांत होता, आणि तो परीक्षकांनीं दाखविला नाहीं. बागेकडच्या खिडकीची तळकड तिनें जमिनीपासून तीन फुटांवर धरली होती. पुस्तकांतून तेंच माप दिलेलें असतें, कारण तीं पुस्तकें खुर्चीवर बसणाऱ्यांनीं लिहिलीं आहेत. आजी चटईवर बसते असें तिनेंच टिपणींत लिहिलें होतें. चटईवर बसलेल्या म्हातारीचा डोळा जमिनीपासून फार तर अडीच फुटांवर असतो. त्या खिडकींतून तिला केळीचे शेंडे दिसले असते. अळू दिसलें नसतें, आणि पारिजातकाचा सडा तर मुळींच नाहीं.